चाकूर रस्त्यावरचा श्वान प्रशिक्षण वर्ग : एका माजी सैनिकाचा अभिप्राय

लातूरहून नांदेडकडे जाताना आष्टा मोड मागे टाकून चाकूरच्या दिशेने निघाले की रस्त्यापासून थोडे आत, तुरीच्या शेताला लागून, पत्र्याचे एक लांबट शेड आणि तारेच्या कुंपणातले मोकळे मैदान दिसते. फाटकावर ‘श्वान प्रशिक्षण वर्ग, रविवारी सकाळी’ एवढाच मजकूर असलेली पाटी आहे. वर्गाला दुसरे नाव नाही आणि ते ठेवण्याची चालकांना गरजही वाटलेली नाही. लष्कराच्या श्वानपथकात हँडलर म्हणून, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्यासोबत काम करणारा जवान म्हणून, सेवा करून निवृत्त झालेले एक हवालदार हा वर्ग चालवतात. गेल्या पावसाळ्यानंतर मी माझ्या पश्मी जातीच्या कुत्र्यासह येथे नाव घातले आणि अभ्यासक्रम पूर्ण केला. गावातल्या आणि नात्यातल्या अनेकांनी या वर्गाविषयी विचारणा केली असल्यामुळे हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

कुत्रा सोडून जायचा आणि महिन्याभराने ‘शिकलेला’ कुत्रा परत न्यायचा अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी येथे येऊ नये. येथे शिकायचे असते ते मालकाने, आणि ही गोष्ट पहिल्याच रविवारी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितली जाते की दोन-तीन कुटुंबे दुसऱ्या रविवारी परत येत नाहीत. मला स्वतःला हीच या वर्गाची सर्वांत जमेची बाजू वाटली, आणि तसे का वाटले हे समजण्यासाठी मी कोणत्या मापाने मोजतो आहे ते आधी सांगायला हवे.

हे माप मला काश्मीरमध्ये मिळाले. मी मूळचा तोफखान्यातला. तेथून मुदतीसाठी, दहशतवादाविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्सच्या एका बटालियनमध्ये माझी नेमणूक झाली. या बटालियनांची घडणच अशी असते की साधारण निम्मे जवान एका पायदळ रेजिमेंटचे असतात आणि उरलेले तोफखाना, सिग्नल, सेवा अशा निरनिराळ्या शाखांतून येतात. पायदळवाल्यांची आपसांतली जानपछान जुनी असते, एकमेकांची गावे आणि लग्नेसुद्धा त्यांना माहीत असतात. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र जेवणाच्या रांगेतही आपण पाहुणे असल्यासारखे वाटत राहते. दक्षिण काश्मीरमधील आमच्या कंपनी तळावर आर्मी डॉग युनिटची एक तुकडी जोडलेली होती. दोन कुत्रे आणि त्यांचे दोन हँडलर. तेही आमच्यासारखेच बाहेरचे.

ताफा जाण्याआधी रस्ता तपासणारी तुकडी, जिला फौजेत आरओपी म्हणतात, पहाटे निघे तेव्हा सर्वांत पुढे एक काळी लॅब्रॅडोर कुत्री आणि तिचा हँडलर असत. रस्त्याच्या कडेची नवी माती, मोऱ्यांची तोंडे, दगडांचे ढीग, कोणीतरी टाकून दिलेला डबा, असे सगळे हुंगत ती पुढे जाई. स्फोटकांचा वास लागल्यावर भुंकायचे नाही, उकरायचे नाही, जेथे वास लागला तेथे शांतपणे बसायचे, असे तिचे शिक्षण होते, कारण अशा ठिकाणी पंजा मारणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. मागून अंतर राखून चालणाऱ्या आम्हा लोकांना काही दिवसांनी तिची एक खूण कळू लागली. चालताना तिचे तोंड उघडे असे आणि जीभ बाहेर असे. एखाद्या जागी खरोखर लक्ष गेले की तोंड मिटे आणि नाकपुड्या भराभर हलू लागत. तिचे तोंड मिटले की वीस माणसांची पावले आपोआप थांबत. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख आणि कुत्र्यांच्या काही जातींत त्या २० कोटींहून अधिक असतात, हे आकडे मी नंतर वाचले. तेव्हा आमचा विश्वास आकड्यांवर नव्हता, त्या मिटलेल्या तोंडावर होता.

तळावर परतल्यावर लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, मागे, जेथे उन्हाचा कवडसा सर्वांत आधी येई, तेथे हँडलर तिला घेऊन बसे. बोटांच्या बेचक्यांत अडकलेला बर्फ आणि काटे काढणे, कान पाहणे, अंगावरून आधी हात आणि मग ब्रश फिरवणे, हे त्याचे काम स्वतःच्या चहाच्या आधी होत असे. नियम कडक होता. हँडलरच्या परवानगीशिवाय तिला कोणी खाऊ घालायचे नाही, नावाने हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. कारण वीस हातांतून खाणारा कुत्रा कोणाच्याच हुकमात राहत नाही आणि रस्त्यावर पडलेला घासही उचलतो. नियम असा असूनही, किंवा कदाचित नियम असा असल्यामुळेच, त्या अर्ध्या तासाला माणसे तेथे जमत. कोणी बूट पुसत बसे, कोणी चहाचा मग घेऊन नुसता उभा राही. कुत्रीला हात लावता येत नसल्यामुळे माणसे एकमेकांशी बोलू लागत. कोणाच्या बहिणीचे जमले, कोणाच्या वडिलांचे डोळ्यांचे ऑपरेशन अडले, हे तेथे कळे. आमच्याकडच्या दुष्काळाची हकीकत मी तेथेच सांगितली, तेव्हा राजस्थानच्या एका जवानाने सहानुभूती दाखवण्याऐवजी टँकरचा दर विचारला आणि त्याच्या जिल्ह्यातला दर सांगून माझ्यावर मात केली. माझ्या मराठी वळणाच्या हिंदीवर हसणेही त्याच जागी सुरू झाले, आणि ज्या दिवशी हसणे सुरू झाले त्या दिवसापासून मी त्या तळाचा झालो.

हे सांगितल्यामुळे आता वर्गाविषयी नेमके बोलता येईल. श्वान प्रशिक्षणाच्या नावाखाली आपल्याकडे जे काही चालते त्यातले बरेचसे मी पाहिलेले आहे. एका मोठ्या शहरातल्या अशाच एका ठिकाणी माझ्या मेहुण्यांनी कुत्रा ठेवला आणि परत आणला तेव्हा हात वर केलेला माणूस दिसला की तो लघवी करीत असे. चाकूर रस्त्यावरच्या वर्गात कुत्र्याला मारणे पूर्णपणे वर्ज्य आहे. बक्षीस म्हणून मटणाच्या रश्श्यात भिजवून वाळवलेले ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, नाहीतर जुन्या लुगड्याची घट्ट बांधलेली चिंधी-चेंडू वापरतात. पहिला रविवार केवळ दोरी धरण्यात जातो. दोरी सैल असताना कुत्रा माणसाकडे पाहतो आणि ताणलेली असताना माणसाच्या विरुद्ध दिशेला जोर लावायला शिकतो, हे उस्ताद (मैदानावर सगळे त्यांना असेच म्हणतात) प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करून दाखवतात. त्या दिवशी वयाने मोठ्या, भल्या बागायतदारांना मोकळी दोरी हातात घेऊन, कुत्र्याशिवाय, मैदानाला चकरा मारताना पाहणे हा एक वेगळाच देखावा असतो.

दुसरा धडा घरच्या माणसांचा. वडील ‘बस’ म्हणतात, मुलगा ‘सिट’ म्हणतो, आजी ‘खाली बैस की रे बाबा’ म्हणते आणि मग कुत्रा ऐकत नाही अशी तक्रार सगळे मिळून करतात. उस्ताद प्रत्येक कुटुंबाकडून चार आज्ञा ठरवून घेतात, त्या वहीत लिहायला लावतात आणि पुढच्या रविवारी घरातल्या निदान दोघांना घेऊन या म्हणून बजावतात. “हाक मारलं की येईना गेलंय बघा, मेजर,” अशी तक्रार घेऊन आलेल्या एका आजोबांना त्यांनी विचारले, “दादा, हाक मारून आणल्यावर तुम्ही त्याला काय करता?” आजोबा म्हणाले, “बांधतो.” उस्ताद पुढे काहीच बोलले नाहीत. आजोबांनीच दोन क्षणांनी मान डोलावली.

माझ्या तुकडीत एका मोठ्या शेतकऱ्याने स्वतः न येता आपल्या सालगड्याला पाठवले होते. मला वाटले, उस्ताद त्याला परत पाठवतील. त्यांनी फक्त एवढेच विचारले की कुत्र्याला भाकर कोण टाकते. सालगडी म्हणाला, मीच. त्याचे नाव वहीत चढले, आणि सर्व तुकडीत सर्वांत आधी ‘थांब’ म्हटल्यावर दोन मिनिटे न हलणारा कुत्रा त्याचाच निघाला. मेरठला रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात, जेथे १९६० पासून लष्करी कुत्र्यांचे प्रशिक्षण चालते, हँडलर आणि कुत्रा यांची जोडी शिकतानाच जुळवली जाते आणि पुढे ती एकत्रच तैनातीवर जाते. उस्तादांनी तोच नियम घरगुती कुत्र्यांना लागू केला आहे. पहिला महिनाभर खाणे एकाच माणसाच्या हातून, फिरवणेही त्यानेच, बाकीच्यांनी नंतर. सतत पाहुणेरावळे असलेल्या घरांना हे जड जाते, पण ज्यांनी पाळले त्यांच्या कुत्र्यांत फरक स्पष्ट दिसतो.

अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध नाकाच्या कामाचा असून तो या वर्गाचा खरा दागिना आहे. छिद्रे पाडलेले पत्र्याचे डबे ओळीने मांडतात, त्यांतल्या एकात लवंगेच्या तेलाचा बोळा असतो आणि तो डबा सापडल्यावर कुत्र्याने त्याच्यापाशी बसायचे असते. अहमदपूरच्या एका किराणा दुकानदाराची लॅब्रॅडोर हे दुसऱ्याच खेपेला शिकली. माझ्या पश्मीने डब्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. कुंपणापलीकडून एक मोटारसायकल गेली तिच्याकडे मात्र ती नाहीशी होईपर्यंत पाहिले. यात त्याचा दोष नाही. चाकूर तालुक्यातील जानवळ आणि आसपासचा भाग ज्या कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे ती नजरेने शिकार करणारी, लांब पायांची, खोल छातीची जात आहे. हलणारी वस्तू दिसली की तिचे कान बंद होतात. यांच्या नात्यातल्या कर्नाटकातील मुधोळ हाउंडला लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी घेतले तेव्हा आमच्या भागात फार अभिमानाने बोलले गेले, पण घरी पाळणाऱ्याने या जातीकडून लॅब्रॅडोरच्या नाकाची अपेक्षा करू नये, असे उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. कुत्र्याला सशामागे सोडण्यासाठी तयार करून द्या, अशी मागणी घेऊन येणारेही या भागात कमी नाहीत. त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण करून फाटकावरूनच परत पाठवले जाते. आज माझा कुत्रा मोकळ्या रानात दहापैकी सात वेळा हाकेसरशी परत येतो. पूर्वी तो येतच नसे. उरलेल्या तीन वेळांसाठी लांब दोरी वापरा, हा सल्ला प्रामाणिक आहे आणि मी तो मानतो.

माणूस शोधण्याचा खेळ शेवटच्या रविवारांत होतो. शेडच्या मागे कडब्याची गंजी आहे. तिच्या पोटात एक पोकळी ठेवली आहे आणि तुकडीतल्या एखाद्या धीट मुलाला तेथे लपवतात. येथे कुत्र्याने बसून चालत नाही, भुंकायचे असते. स्फोटके शोधणारा कुत्रा गप्प बसतो आणि ढिगाऱ्याखालचा माणूस शोधणारा कुत्रा भुंकून जागा दाखवतो, हा फरक उस्ताद सांगतात तेव्हा या मैदानावर तो कोरा फरक राहत नाही. तुकडीत औसा तालुक्यातली, किल्लारीच्या आजूबाजूची माणसे असतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी पाहिलेली असते. तुर्कस्तानच्या २०२३ च्या भूकंपात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्यूली आणि रोमिओ या कुत्र्यांनी ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीची जागा दाखवली, ही गोष्ट उस्तादांनी सांगितली तेव्हा एक बाई पदर तोंडाला लावून गंजीकडे पाहत राहिल्या. तेवढ्यात कुत्रा भुंकला आणि आतून मुलगा कडबा झटकत, खिदळत बाहेर आला.

शेडच्या आतल्या भिंतीवर वर्तमानपत्रांतून कापलेली लष्करी आणि पोलीस कुत्र्यांची छायाचित्रे लॅमिनेट करून लावली आहेत. अनंतनागमध्ये दोन गोळ्या लागूनही मागे न हटलेला आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात मरण पावलेला झूम, २०२३ मध्ये राजौरीत आपल्या हँडलरला वाचवताना पडलेली केंट, २०२४ मध्ये अखनूरच्या चकमकीत गेलेला फँटम. या रांगेत बीड पोलिसांचा रॉकीही आहे. त्याने ३०० हून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती, २०२० मध्ये त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला आणि पंतप्रधानांनी त्या वर्षी ऑगस्टच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. आमच्या भागातल्या मुलांना काश्मीरपेक्षा बीड जवळचे, त्यामुळे त्यांची गर्दी रॉकीच्या चित्रापुढे जास्त असते.

वर्ग संपल्यावर चहा होतो आणि तो शुल्कात धरलेला नाही. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र, लातूरला आणि मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाची केंद्रे. त्यामुळे गणवेशातली आणि गणवेश उतरवलेली माणसे या पट्ट्यात पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काही जण कुत्रा नसतानाही रविवारी येथे येऊन बसतात. निवृत्त माणसाचे गावात कसे होते हे ज्याचे त्याला ठाऊक. लोक मेजर, मेजर म्हणून मान देतात, सत्कारात नारळ देतात, पण सलग दोन वाक्ये ऐकून घेणारा भेटत नाही. येथे पेन्शनच्या कागदांपासून पोराच्या भरतीच्या धावण्यापर्यंत सगळे निघते. निवृत्त लष्करी कुत्रा सांभाळायला मिळतो का, हा प्रश्न दर रविवारी कोणीतरी विचारतेच; मेरठच्या केंद्राकडे अर्ज करता येतो, पण म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आणि औषधे सांभाळायची तयारी असेल तरच करा, हे उत्तरही ठरलेले आहे. वर्गाचा हा भाग जाहिरातीत कोठेही नाही. माझ्या मते शुल्काचा अर्धा मोबदला येथेच मिळतो.

एका गोष्टीत माझे उस्तादांशी पटत नाही. चहाच्या वेळी ते सगळ्या मुलांना सगळ्या कुत्र्यांना हात लावू देतात. फौजेतला कुत्रा कामाचा असतो, घरातला कुत्रा वस्तीत राहणारा असतो, त्याला परक्या हातांची सवय हवी, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. परंतु पाचव्या-सहाव्या रविवारपर्यंत, निदान अंगात भीती असलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत, मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हा नियम ठेवायला हरकत नसावी. मुलांनाही थांबायला शिकवणे काही वाईट नाही.

उणिवा आणखीही आहेत. ‘राखणीचा कुत्रा’ म्हणून जो वेगळा, महागडा अभ्यासक्रम आहे तो मला अर्धाकच्चा वाटला; पोत्याच्या बाहीवर चावा घ्यायला शिकवणे सोपे असते, सोडायला शिकवणे कठीण, आणि त्या दुसऱ्या भागाला पुरेसे रविवार दिलेले नाहीत. कुत्रे मुक्कामी ठेवण्याची सोय पत्र्याच्या शेडमध्ये आहे. हिवाळ्यात ती चालून जाईल, पण चैत्र-वैशाखात, पारा चाळिशीच्या वर असताना, छतावर ओली पोती टाकली तरी आतली हवा भाजते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांतून, बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते; अशा शेडमध्ये उन्हाळ्यात मी माझा कुत्रा ठेवणार नाही, आणि दाट केसांच्या परदेशी जातीचा तर कोणीच ठेवू नये. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, ही या काळात अक्षम्य गोष्ट आहे. पैसे घेतल्याची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.

एप्रिल ते जूनअखेर वर्ग बंद असतो आणि हे योग्यच आहे, कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला हुंगता येत नाही आणि तापलेल्या डांबरावर पंजे पोळतात. इतर महिन्यांत सकाळी साडेसहाला सुरुवात होते व साडेआठला मैदान रिकामे होते. उशिरा येणाऱ्यास फाटकाबाहेर उभे राहून पाहावे लागते. बारा रविवारांचे शुल्क सहा हजार रुपये आहे, दोन हप्त्यांत देता येते. त्यात दोरी आणि गळपट्टा येत नाही; चाकूरच्या बाजारात बैलांचे साज शिवणाऱ्या कारागिराकडून ते करून घेण्याचा सल्ला दिला जातो आणि त्याचे चामड्याचे काम शहरातल्या दुकानांपेक्षा निश्चितच टिकाऊ आहे. नाव नोंदवताना रेबीजची लस दिल्याची नोंद असलेले पुस्तक दाखवावेच लागते. गोचीड असलेला कुत्रा आत घेत नाहीत; गोचीड ताप आमच्या भागात भरपूर असल्यामुळे यात कोणाचीही भीड ठेवली जात नाही, आणि आजारी दिसणाऱ्या कुत्र्याला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून या असे सांगितले जाते. पुढची तुकडी दसऱ्यानंतर सुरू होईल. चौकशीचा फोन सकाळी नऊच्या आधी करू नये, त्या वेळी उस्ताद स्वतःच्या कुत्र्यांच्या अंगावरून ब्रश फिरवत असतात आणि फोन उचलत नाहीत.